हुकुमचंदच्या दारातल्या दोन गाड्या

मुरूमटोल्याच्या हुकुमचंद रहांगडालेला एखादी वस्तू आवडली की घरचे धास्तावायचे. कारण हा माणूस वस्तू नुसती वापरत नसे, तिची उलटतपासणी घेत असे. कपडे धुवायचं मशीन घरात आलं तेव्हा पहिली धुलाई होईस्तोवर तो समोर पाट टाकून बसला होता, आणि आत काय चाललंय ते बघायला मध्येच झाकण उघडून वाकला, तर साबणाच्या पाण्यानं न्हाऊन उठला. विहिरीचा नवा पंप तर त्यानं बसवायच्या आधीच खोलून अंगणभर पसरला. पुन्हा जोडला तेव्हा दोन नट उरले. पंप बिनतक्रार पाणी ओढत होता, पण ते नट नेमके कुठले या विचारात हुकुमचंदची झोप उडाली होती.

अशा माणसानं चारही चाकं ओढणारी मोठी, साहेबी गाडी घ्यायची ठरवल्यावर काय तमाशा होणार, ते गावानं आधीच ओळखलं होतं. पैशाचं विचारू नका. तिरोड्याच्या राईस मिलमध्ये त्याची निम्मी भागी होती, धानाची जमीन मोप होती, आणि दोन्ही पोरी लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या. गाडी हवी होती ती शौकासाठी नाही, रामकलीसाठी. दोन वर्षांमागं तिच्या कंबरेचा मणका सरकला, आणि तेव्हापासून ती बाई दवाखाना सोडून कुठं गेली नव्हती. गावापासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता असा, की ट्रॅक्टरवाला शिव्या देत जाई. घरच्या जुन्या जीपमध्ये एकदा ती बसली, तर कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन रडत परत आली. धाकटी योगेश्वरी सडक अर्जुनीला बाळंत झाली, नातवाचं नाव ठेवलं, तो पोरगा आता चालायला लागला, तरी आजीनं त्याला पाहिलं होतं ते फक्त मोबाइलच्या फोटोत.

"मले बसून जाता आलं पायजे," एवढीच तिची मागणी. "बाकी तिचं इंजिन किती मोठं न् चाकं किती, ते तुमी पाहा."

बाकी पाहायला हुकुमचंदला सांगावं लागतं का! त्यानं नागपूरच्या दोन शोरूमना फोन लावले आणि दोघांनाही एकाच दिवशी गाडी घेऊन बोलावलं. बैलबाजारात दोन जोड्या शेजारी उभ्या केल्याशिवाय कोणी खरेदी करतं का, असं त्याचं म्हणणं. दोन्ही दुकानदारांना ते फारसं रुचलं नाही, पण गिऱ्हाईक पक्कं होतं.

श्रावण लागायला आला होता, धानाची लावणी, म्हणजे रोवण्या, संपत आल्या होत्या. सकाळी दोन्ही गाड्या बोदलकसा तलावाच्या रस्त्यानं आल्या आणि हुकुमचंदच्या दारात उभ्या राहिल्या. कंपन्यांची नावं जिभेला जड, म्हणून गावानं दहा मिनिटांत त्यांचं बारसं करून टाकलं, काळी आणि पांढरी.

पांढरीबरोबर आला होता देशकर. इस्त्रीचा शर्ट, टाय, बोलणं मधासारखं. काळीबरोबर टिकेश बिसेन नावाचा तरुण, गोंदियाकडचा, अंगानं किडकिडीत. हुकुमचंदनं देशकरला खुर्ची दिली, "या साहेब, बसा," म्हणून चहा पाजला. टिकेश आपल्याच बोलीत "हो जी, आलो जी" करत होता, म्हणून त्याला ओट्यावर बस म्हटलं आणि चहा काय, पाणीसुद्धा विचारायचं राहिलं. बिसेन म्हणजे आपल्याच पोवार समाजातला, एवढं हुकुमचंदच्या कानावर आलं होतं. पण त्याचं सगळं ध्यान काळीच्या पोटाखाली लागलेलं. आल्या आल्या तो अंगणात पाठीवर आडवा झाला होता आणि फक्त त्याचे दोन पाय बाहेर दिसत होते.

"हा दांडा कायचा गा?" आतून आवाज आला.

"त्यानं समोरच्या चाकाले ताकद जाते जी," टिकेश उकिडवा बसून सांगू लागला.

"मंग मांगच्या चाकाले काऊन नाही?"

"त्याले बी जाते. हा दुसरा दांडा पाहा."

"आन् चारातलं एक चाक अधर राहिलं त? त्याची ताकद फुकट जाईन का नाही?"

"थे बटन दाबलं का अधर चाकाची ताकद टेकल्या चाकाले जाते."

"अधर चाकाले समजते कसं का आपन अधर आहो?"

टिकेश हसला, पण कंटाळला नाही. देशकर मात्र खुर्चीत बसून घड्याळ बघत होता.

पांढरीची पाळी आली तेव्हा देशकरनं आपला हुकमाचा पत्ता काढला. त्यानं एक बटण दाबलं आणि ती एवढी थोरली गाडी हुस्स करून खाली बसली. जमलेल्या बाया एकदम मागं सरकल्या. "अवो माय! हे त बसते!" कुणीतरी म्हणालं. देशकर सांगू लागला की हिच्या खाली लोखंडी स्प्रिंगा नाहीतच, हवेच्या पिशव्या आहेत, त्यामुळे खड्डा आतल्या माणसापर्यंत पोचतच नाही. हुकुमचंदचे डोळे चमकले. त्यानं बटण दाबून गाडी खाली बसवली, वर उठवली, पुन्हा बसवली, पुन्हा उठवली. हवा येते कुठून, जाते कुठं, उंदरानं पिशवी कुरतडली तर काय, पिशवी फुटल्यावर गाडी घरी येते की तिथंच मुक्काम करते, असे प्रश्न सुरू झाले. देशकरच्या कपाळावर घाम आला.

"आता बांधीत टाकू," हुकुमचंद म्हणाला.

घरामागं धानाच्या शेताचा एक तुकडा, म्हणजे बांधी, अजून रोवायची होती. आदल्या दिवशीच चिखलणी करून, पाणी धरून ठेवलेली. माणूस उतरला तर पोटरीपर्यंत जाईल असा लोण्यासारखा चिखल.

"सर, ही लक्झरी गाडी आहे!" देशकर जवळजवळ ओरडलाच.

"मंग चार चाकं कायले ओढते? दोनच ओढाची ना."

पांढरी बांधीत उतरली, दोन हात पुढं गेली आणि गुळगुळीत टायरांवर फिरफिर फिरत तिथंच रुतली. चिखलाचे फवारे उडून देशकरचा टाय रंगला. बांधावर, धुऱ्यावर, उभं राहिलेलं गाव पोट धरून हसलं. मग काळी उतरली. टिकेशनं छोटा गिअर टाकला, घाई केली नाही, आणि गाडी गुरगुरत, हळूहळू, अख्खी बांधी पार करून पलीकडच्या धुऱ्यावर चढली. टाळ्या पडल्या. हुकुमचंद धुऱ्यावर नाचायचाच बाकी होता.

आता पांढरीला बाहेर कोण काढणार? "ए पोरा," हुकुमचंदनं टिकेशला हाक मारली, "काढ बूट, उतर खाली, दोर बांध." टिकेश मुकाट्यानं बूट काढून, पँट वर करून चिखलात उतरला. दोन वेळा दोर सुटला, दोन वेळा हुकुमचंद वरून खेकसला, "जोर लाव ना बे, जेवला नाही का?" शेवटी काळीनं पांढरीला ओढून काढलं. टिकेश कंबरेपर्यंत माखला होता, चेहऱ्यावर शिंतोडे. "जा, थ्या बोरिंगवर धुऊन घे," एवढं सांगून हुकुमचंद पुन्हा काळीच्या चाकांजवळ वाकला.

तेवढ्यात देशकर त्याच्या कानाशी आला. हरलेला माणूस, जीभ कडू झालेली. "सर, एक सांगू? बिसेनवर दया येऊन गाडी घेऊ नका. कित्येक महिन्यांत त्याच्या हातून एक गाडी गेली नाही. आज रिकामा गेला तर शोरूमवाले त्याला घरी बसवणार आहेत. म्हणून तो चिखलात उतरतोय."

"मी गाडी पाहू का पोरगा?" हुकुमचंद म्हणाला. पण काळीच घ्यायची, हे त्यानं मनात जवळपास पक्कं केलंच होतं. राहिली होती फक्त रामकली.

ती पहिल्यांदा पांढरीत बसली. गाडी खाली वाकली, रामकली काठी टेकत आली आणि खाटेवर बसावं तशी आरामात आत बसली. तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. हुकुमचंद पुढं बसला आणि बटणं बघत राहिला, पण त्याच्या कानांवर मागून जे येत होतं त्यानं तो चकित झाला. रामकली बोलत होती! "थे मुन्नालालचं घर ना? केवढं बांधलं वं माय. आन् हे मोहाचं झाड पडलं कवा? मले कोनी सांगतलं नाही." रस्त्यावर तेच खड्डे, तीच नाली, आणि बाई एकदाही 'अगाई' म्हणाली नाही. पाळीवर गाडी थांबली तेव्हा तिनं काच खाली करायला लावली आणि पाण्याकडं बघत बसली. कोळ्यांच्या डोंग्या पाण्यात होत्या. दोन वर्षांनी तलाव बघत होती ती, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. हुकुमचंद आरशात बघत होता, त्यानं नजर काढून घेतली.

मग काळी. तिच्यात चढायला स्टूल आणावं लागलं. टिकेशनं हात दिला, रामकलीनं ओठ चावले आणि चढली. हुकुमचंद पुन्हा पुढं बसला आणि गाडी सुरू झाली. काळी दणकट खरी, पण खड्ड्यात गेली की खड्डा जसाच्या तसा आत आणून ठेवायची. नालीजवळ रामकलीनं वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. बोलणं बंद. टिकेशनं वेग इतका कमी केला की बाजूनं सायकलवाला पुढं निघून गेला, तरी काय उपयोग. त्याचे डोळे सारखे आरशात जात होते.

दुखणं विसरायला माणूस काहीतरी बोलतो. रामकलीनं विचारलं, "कोनाचा गा तू बाबू? माय कुठची तुही?"

आता बघा, हा प्रश्न! या मुलखात अनोळखी माणूस दारात आला तर पाण्याच्या आधी हा प्रश्न येतो. आणि दांड्यापासून पिशवीपर्यंत शंभर प्रश्न विचारणाऱ्या हुकुमचंदनं सकाळपासून तोच तेवढा विचारला नव्हता.

"आमी गोंदियाले राहतो जी," टिकेश म्हणाला.

"राहनं नाही विचारलं. मायचं माहेर कुठचं?"

"इथचंच जी. मुरूमटोल्याचं. सेवकराम रहांगडालेची बहीन, दुर्पता."

"गाडी थांबव!" हुकुमचंद असा ओरडला की टिकेशनं खच्चकन ब्रेक दाबला आणि मागं रामकली कळवळली.

सेवकराम म्हणजे हुकुमचंदचा सख्खा चुलत भाऊ. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. बायको-पोरं नव्हती, घर पडलं, आणि दुर्पताला माहेरी आणायचं काम भाऊकीतल्या प्रत्येकानं दुसऱ्यावर सोडून दिलं. तिचा नवरा वारला तेव्हा हुकुमचंद एकदा गोंदियाला जाऊन आला होता. तेव्हा हा पोरगा एवढासा होता, आईच्या मागं लपलेला. आणि आज?

आज त्यानं भाच्याला चिखलात उतरवलं होतं! इकडं भाचा म्हणजे देवाच्या जागी. पाळण्यातला असो की पन्नाशीचा, मामानं त्याच्या पाया पडायचं. त्याला काम सांगायचं नाही, अरे-बे करायचं नाही, आणि दारातून रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही. हुकुमचंदनं तर एका सकाळीत सगळंच करून टाकलं होतं. जेवला नाही का, असं खेकसून विचारलं, आणि खरोखरच पोराला कुणी जेवायला विचारलेलं नव्हतं.

तो गाडीतून उतरला, वळसा घालून आला आणि भर रस्त्यात टिकेशचे पाय धरले. अजून नखांत चिखल होता.

"मामाजी, असं नोका करू," टिकेश ओशाळून म्हणाला.

"काऊन नाही सांगतलं बाबू? सकाळीच काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमाले नाही म्हनता आलं नसतं. मंग थे गाडी इकनं झालं नसतं जी, मागनं झालं असतं."

हुकुमचंद उठला आणि गाडीत जाऊन बसला.

घरी पोचेपर्यंत बातमी पुढं गेली होती. दुर्पताचा पोरगा आला म्हणताच रहांगडाल्यांची अख्खी भाऊकी अंगणात गोळा झाली. पांढऱ्या मिशांचा दुलीचंद काठी बाजूला ठेवून त्या किडकिडीत पोराच्या पाया पडला, त्याच्यामागं त्याची पोरं, त्यांच्यामागं सुना. देशकर खुर्चीतून उठून उभा राहिला. हा काय प्रकार आहे, हे त्याला कळेना. तासाभरापूर्वी ज्याला बोरिंगवर पिटाळलं, त्याला आता पाटावर बसवून हुकुमचंद पितळी परातीत त्याचे पाय धूत होता. सगळे पाया पडले, राहिली एकटी रामकली. तिला वाकता येत नव्हतं. ती दारात काठी धरून उभी होती आणि काळीच्या फेरीनं तिचा चेहरा पांढरा पडला होता.

हुकुमचंदनं पाय पुसले आणि तिच्याजवळ गेला. दोघं नवरा-बायको हळू आवाजात बोलू लागले, पण ओटा कितीसा लांब! टिकेशला सगळं ऐकू येत होतं.

"काळीच घ्या," रामकली म्हणत होती.

"तुले बसता येत नाही तिच्यात. मी पाहिलं ना."

"बसन मी. खाली गोधडी टाकू. भाच्याले रिकाम्या हातानं धाडता का? त्याची नोकरी जाऊन राहिली म्हनता तुमी."

"आन् तू? दोन वर्सं झाली वं, तुले..." हुकुमचंद कधी रडत नसे. आता मात्र धोतराचा सोगा डोळ्यांना लावून उभा राहिला. पांढरी घेतली तर भाच्याच्या पोटावर पाय येतो, काळी घेतली तर बायको घरात कोंडली जाते. आणि मधून तिसरी वाट काही दिसत नव्हती. रामकलीनंच मग मोठ्यानं सांगून टाकलं, "झालं. काळी घेतली. मले पसंद आहे."

टिकेश पाटावरून उठला.

"मामाजी, भाच्यानं मागतलं त मामाले नाही म्हनता येत नाही, असं माय सांगते. खरं आहे का?"

"खरं आहे बाबू. माग. काळीच घेतो मी, बोललो ना."

"मंग पांढरी घ्या."

देशकरचं तोंड उघडं राहिलं.

"पागल झाला का?" हुकुमचंद भडकला. भाच्याला ओरडायचं नसतं, हेही तो विसरला. "शोरूमवाले घरी बसवतीन तुले! काय खाशीन? मायले काय सांगशीन?"

"पाहू जी. पन मी आरशात पाहून राहिलो होतो. मामीनं हँडल धरलं होतं दोन्ही हातानं. थे पाहून मी गाडी इकली, त मले घरी जाऊन जेवन जानार नाही." मग तो थोडा हसला. "मागून झालं माहं. आता नाही म्हनू नोका."

रीतच अशी, की मागितलं ते द्यावं लागतं, आणि पोरानं त्या रीतीनंच हुकुमचंदला बांधून टाकलं. तो राग, ती लाज आणि ते प्रेम एकदमच वर आलं. तो एवढंच म्हणाला, "फोन दे तुहा. मायले लाव."

टिकेशनं नंबर लावून मोबाइल हातात दिला. पलीकडं घंटी वाजली न वाजली तोच उचलला गेला. बाई फोन हातात घेऊनच बसली असावी.

"इकली का बाबू गाडी?"

पोराच्या नंबरवरून फोन, म्हणजे पोरगाच असणार. हुकुमचंदनं टिकेशकडं पाहिलं.

"बोल ना बाबू. नाही इकली का? सकाळपासून देवापुढं बसलो मी. बोल ना."

रामकलीनं काठी भिंतीला टेकवली आणि हुकुमचंदच्या हातून फोन घेतला.

"बाई, मी रामकली बोलून राहिलो. मुरूमटोल्याची. हुकुमचंदची घरवाली."

रामकली दाराच्या चौकटीला टेकली.

"नाही इकली बाई त्यानं. इकली जात होती, पन माह्यापायी नाही इकली. थे तो घरी येऊन सांगन तुमाले. मी दोन वर्सं झाली, या घराच्या भाईर नाही गेलो. तुमच्या पोरानं मले आज भाईर काढलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता राखीले तुमाले आनाले गाडी येते."

"कोन येते?" दुर्पतानं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "वयनी, माह्या माहेरून कोन येते? सेवक त गेला."

"मी येतो बाई," रामकली म्हणाली. "मी सोता येतो."